आबाकाकाचं इंग्रजी धाडस

आमच्या घरात भीती पोटात राहायची आणि धाडस छातीत. पोटात गोळा यायचा, छातीचा कोट व्हायचा, आणि यापलीकडे या दोघांची कुणी फारशी चौकशी करत नसे. परवा माझी नात कॉलेजातून आली, दप्तर खाटेवर टाकलं आणि म्हणाली, "आजी, मला फार अँग्झायटी होतेय." मी विचारलं, कुठे होतेय? तिला वाटलं आजी चेष्टा करते. पण मी खरंच विचारत होते. आयुष्यभर नर्सचं काम केलेल्या बाईला दुखणं म्हटलं की आधी जागा विचारायची सवय असते. शिवाय इंग्रजी भाषेतली भीती माणसाच्या अंगात कुठे कुठे जाऊन बसते हे मला फार वर्षांपूर्वी शिकवलं गेलं होतं. शिकवणारा माझा सख्खा काका होता. त्याने हे सगळं मला का शिकवलं ते कळलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि त्या कळण्याची ठसठस अजून गेलेली नाही. ती गेली असती तर हे प्रकरण लिहायला बसलेच नसते.

आमची वाडी आचऱ्याच्या खाडीपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. समुद्र दिसायचा नाही, पण वारा फिरला की त्याचा वास खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, यायचा आणि आई म्हणायची, आज बांगडो येतलो. घरात बाबा, आई, मी आणि धाकटा भाऊ. भात, काजू आणि थोडी आंब्याची कलमं. बाबा कमी बोलायचे. चार माणसांत उभं राहून बोलायची वेळ आली की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. त्यांच्या वाट्याचं बोलणं देवाने बहुतेक त्यांच्या धाकट्या भावाला दिलं होतं. आबाकाका बोटीवर खलाशी होता. दोन-दोन वर्षं जायचा आणि येताना साबणाच्या वड्या, नायलॉनचे मोजे आणि इंग्रजी घेऊन यायचा. लग्न केलं नव्हतं. आला की पडवीतल्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसायचा आणि सगळी वाडी गप्पा ऐकायला जमायची. मी त्याला 'तू' म्हणायची. आमच्याकडे काकाला तसंच म्हणतात, त्यात मानाचा प्रश्न नसतो. 'तुम्ही' आणि पुस्तकातली मराठी ही तलाठ्यासाठी, डॉक्टरसाठी आणि एसटीच्या कंडक्टरसाठी राखून ठेवलेली असे. आई तर सरळ म्हणायची, माणूस साहेबी मराठी बोलाक लागलो की समजाचा, तेका आपल्याशी नाता नको.

त्या वर्षी आबाकाका सुट्टीवर आला तो परत जायचं नाव घेईना. पाऊस गेला, भात झोडून झालं, काजूला मोहर येऊन बिया धरल्या, तरी तो घरातच. विचारलं की म्हणायचा, कंपनीचो बोलावणा येतला. मला काय, बरंच वाटत होतं. माझी अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा संपली होती आणि दुपारभर आई मला ओले काजू सोलायला बसवायची. हिरव्या बिया विळीवर उभ्या चिरायच्या, आतला गर नखाने अलगद काढायचा. चीक अंगावर उडाला की कातडी भाजते, म्हणून हाताला खोबरेल आणि राख लावून बसायचं, तरी बोटांची सालं निघायचीच. काका बाकड्यावर, मी खाली गोणपाटावर. तो बियांना हात लावायचा नाही. इतका वेळ नुसतं बसून त्यालाही कंटाळा आला असावा, कारण एके दुपारी त्याने मला विचारलं, "सुमा, इंग्रजाचा भय खंय बसता म्हायत आसा?"

मी म्हटलं, "पोटात. आणि खंय?"

"पोटात बसताच. बटरफ्लाइज इन द स्टमक. म्हणजे पोटात फुलपाखरां भिरभिरतत. पण पायातव बसता. कोल्ड फीट. आयत्या वेळाक माणूस मागे सरलो की म्हणतत, तेचे पाय थंड पडले. आणि काळीज तोंडात येता. हार्ट इन द माउथ."

आत चुलीपाशी आई ऐकत होती. ती तिथूनच म्हणाली, "पोटात पाखरां? जंत झाले आसतीत. वावडिंग दी तेका."

असं सुरू झालं ते. रोज दुपारी दोन-तीन वाक्यं. भीतीची संपली, मग धाडसाची. इंग्रजांचं धाडस छातीत फारसं सापडत नाही हे मला तेव्हा कळलं. ते आतड्यात असतं, त्याला गट्स म्हणतात. ते पाठीच्या कण्यात असतं. वरच्या ओठात असतं, तो ओठ थरथरू द्यायचा नाही. हनुवटीत असतं, ती वर ठेवायची, चिन अप. आणि गालात असतं ते जरा आगाऊ धाडस, चीक. हा शब्द ऐकून मी सोललेल्या बोटांकडे बघून हसले होते. सगळ्यात जास्त मजा आली ती टेक द बुल बाय द हॉर्न्स या वाक्याला. संकटाला सरळ भिडायचं, बैलाला शिंगांनी धरायचं. बाबा नेमके तेव्हा गोठ्यातून येऊन हात धूत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बैलाक येसणीन धरतत. शिंगान धरूक गेल्यार आतडी भायर येतली." काका म्हणाला, म्हणानच तर तेंका गट्स म्हणतत, दादा. बाबांना काही कळलं नाही, पण आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. वाईट याचं वाटतं की ते हसणं खरं होतं, निदान माझ्या बाजूने.

मला नर्स व्हायचं होतं. भावाच्या वेळी आई अडली होती तेव्हा उपकेंद्रातली नर्सबाई नदीचं पाणी ओलांडून, लुगडं कासोट्याला खोचून आली होती, आणि सकाळपर्यंत आईच्या उशाशी बसून होती. घरातले सगळे पुरुष अंगणात फेऱ्या मारत होते. ती एकटी शांत होती. तेव्हापासून मला दुसरं काही सुचलंच नाही. हेडमास्तरांनी मला घाटावरच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या नर्सिंग कोर्सला अर्ज करायला लावला होता आणि तिथून मुलाखतीचं बोलावणंही आलं होतं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, बघूया. आमच्याकडे 'बघूया' म्हणजे नाही, फक्त जरा प्रेमाने. मी काकाकडे गेले. काका म्हणाला, "दादाक मी सांगतंय. माझ्यार सोड. पण थंय सगळा इंग्रजीत इचारतले हां. तोतरलंस की गेलंस."

मग दुपारचं शिकवणं बदललं. काका साहेब व्हायचा आणि मी उमेदवार. तो विचारायचा, टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ. मी आपलं नाव, गाव, शिक्षण सांगायची. तो विचारायचा, आर यू अफ्रेड टू लिव्ह अवे फ्रॉम होम? घरापासून लांब राहायला घाबरतेस का? मी म्हणायची, नो सर, आय हॅव नर्व्हज ऑफ स्टील. माझ्या नसा पोलादाच्या आहेत. तो विचारायचा, नव्या ठिकाणी एकटी पडलीस तर काय करशील? मी म्हणायची, आय विल टेक माय करेज इन बोथ हँड्स. धाडस दोन्ही हातांत घेईन. बिया चिरता चिरता मी ही वाक्यं इतकी घोकली की झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितली असती. मी एकदा म्हटलंही, काका, रक्ताबिक्ताचा काय इचारूचे नाय? तो म्हणाला, ता तुका थंय गेल्यार शिकयतले. मला पटलं. मला त्याचं सगळंच पटायचं. घरात माझ्या बाजूने कुणीतरी आहे, आणि ते माणूस जग बघून आलेलं आहे, एवढ्या एका समजुतीवर मी त्या उन्हाळ्यात जमिनीवरून चार बोटं वर चालत होते.

एका सकाळी आईने शिरवाळे करायला घेतले. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात टाकून, मग लाकडी साच्यातून दाबून शेवया पाडायच्या आणि नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या, हे काम जोखमीचं आणि दोघांचं. उगाच कुणी करत नाही. साच्याची दांडी दाबायला काका स्वतः उठला. मला आईने तिची जांभळी साडी नेसायला सांगितली. मी काही दुधखुळी नव्हते. मी काकाला बाजूला घेऊन विचारलं, "माका बघूक येतत?"

तो म्हणाला, "खारेपाटणचे माझ्या वळखीचे आसत. पुट ऑन अ ब्रेव्ह फेस. पावण्यांका पाणी दी, शिरवाळे दी. बाकीचा मी बघतंय." आणि डोळा मारला. मला वाटलं, याने काहीतरी युक्ती केलेली आहे. पाहुणे खाऊनपिऊन जातील आणि हा त्यांना वाटेला लावेल. मी निश्चिंत मनाने ताटं लावली.

मुलगा आला नव्हता. तो आखातात नोकरीला होता. त्याचे आई-वडील आले होते आणि मामा आला होता. बोलत होता तो मामाच. त्याचा बोटींवर माणसं चढवणाऱ्या एजंटाकडे राबता होता, हे काकानेच कौतुकाने सांगितलं. शिरवाळे झाले, माझी सोललेली बोटं मुलाच्या आईने बघून घेतली, आणि मग मामाने पाय पसरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ."

माझं तोंड आपोआप उघडलं. नाव, गाव, शिक्षण. मला वाटलं हा योगायोग आहे. मग त्याने विचारलं, "आर यू अफ्रेड टू लिव्ह अवे फ्रॉम होम?" तेच शब्द, त्याच क्रमाने. पोलादाच्या नसा माझ्या तोंडातून बाहेर पडल्या आणि पडता पडताच मला सगळं कळलं. तिसरा प्रश्नही त्याने विचारला, मला ऐकूही आला, पण मी उत्तर दिलं नाही. त्याला त्याची गरजही नव्हती. त्याने खूश होऊन काकाच्या मांडीवर थाप मारली. "आबा, सांगलेला तसाच शिकवलंस रे. भाच्याक इंग्लिश बोलणारा चेडूच व्हया हुता. तुझा काम झाला म्हणान समज. म्हयन्याभरात तुका बोटीर चढयतंय."

काका तांब्याकडे बघत होता. बाबा बिचारे पाहुण्यांना पानसुपारी पुढे करत होते. त्यांना ही सगळी इंग्रजी म्हणजे पोरीची हुशारी वाटत होती आणि त्यांचा चेहरा फुलला होता. कंपनीचं बोलावणं येणारच नव्हतं, कंपनीने काकाला केव्हाच काढून टाकलं होतं, हे मला नंतर कळलं. पण बाकीचं कळायला थांबायची गरज नव्हती. ज्या दुपारी मी माझ्या समजत होते त्या सगळ्या त्या मामाने मागवलेल्या होत्या, मालासारख्या. मी साडीच्या पदराने ताट पुसत उभी राहिले. रागापेक्षा लाज जास्त वाटली, की मी किती आनंदाने घोकलं.

पाहुणे गेल्यावर मी त्याला विहिरीपाशी गाठलं. म्हटलं, "काका, तू माका फसवलंस."

"फसवूक नाय गो. तुझा बराच व्हतला. इमानात बसान आखातात जातलंस. नर्स होवन लोकांची घाण काढण्यापरास बरा."

"तू बाबांक सांगतलंस म्हणालंस."

तो रहाटाच्या दोरीशी चाळा करत राहिला. "माका जावक व्हया सुमा. हय बसान माझो जीव जाता. तुका कळाचा नाय ता." आणि मग, जणू आम्ही दोघं अजून पडवीतच बसलो आहोत अशा आवाजात म्हणाला, "चिन अप." त्या दोन शब्दांचा मला जितका संताप आला तितका त्याच्या खोटेपणाचाही आला नव्हता.

हे बाबांना सांगायचं धाडस मला झालं नाही. आमच्याकडे कौल घेतल्याशिवाय लग्न ठरत नाही. गावच्या देवळात जायचं, देवाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे आपलं म्हणणं मोठ्याने सांगायचं, आणि मग गुरव पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या पाषाणाला चिकटवतो. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घालताना एकेका वाक्याला जमलेली सगळी माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्यात नुसता होकार नसतो. आम्ही साक्षी आहोत, हे खरं आहे, असं त्यात असतं. आमच्या घरचं गाऱ्हाणं काका घरी असला की काकाच घालायचा. आजोबांनंतर आवाज त्याचाच. सोमवारी आम्ही सगळे देवळात गेलो, खारेपाटणचा मामाही आला. बाबांनी नारळ ठेवला. काकाने टोपी सारखी केली, हात जोडले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी तुझ्या पायाकडे जी काय सेवा ठेवल्यानी ती मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरातल्या चेडवाक खारेपाटणचा बरा थळ इला आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"चेडवाचीव तीच इच्छा आसा. तिना आपल्या तोंडान माका सांगल्यान आसा, काका, माका ह्याच घर व्हया."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. आई म्हणाली. बाबाही म्हणाले, आणि का नाही म्हणणार? त्यांना ते खरंच वाटलं होतं. आपल्या मुलीला हवं आहे म्हणून तर ते तिथे आले होते.

ऐन उन्हाळ्यात माझे पाय खरोखर थंड पडले. पोटात काहीतरी भिरभिरलं, काळीज घशापर्यंत आलं. काकाने शिकवलेली भीतीची सगळी वाक्यं एकदम खरी झाली, एकही सुटलं नाही. धाडसाचं मात्र एकही वाक्य वेळेला आलं नाही. गट्स नाहीत, कणा नाही, वरचा ओठ तर असा थरथरत होता की मी तो दातांखाली धरला. गुरवाने पाकळी उचलली. मी म्हटलं, "खोटा आसा." ते इतकं हळू होतं की फक्त आईला ऐकू गेलं आणि तिने माझा दंड धरला. मी परत म्हटलं, "ह्या खोटा आसा म्हाराजा. मी असा सांगूक नाय."

देवळात गाऱ्हाण्याला कुणी 'नाही' म्हटलेलं मी आजवर दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही. माणसं माझ्याकडे बघेनात, ती काकाकडेही बघेनात, सगळी पाषाणाकडे बघत राहिली. गुरव माझ्यावर चिडला होता हे दिसत होतं. पण त्याने पाकळी परत पाण्यात टाकली. "गाऱ्हाणा मोडला," तो म्हणाला. "आता कौल लागूचो नाय. घराकडे जावा, आधी तुमचा तुमी मिटवा." मामा चपला घालून सरळ निघाला. काका त्याच्या मागे पायऱ्या उतरून धावला. मी त्याला तसं धावताना पहिल्यांदाच पाहिलं.

घरी आल्यावर बाबा खळ्यातच उभे राहिले. मला वाटलं मार बसणार. ते म्हणाले, "दोगांतला एक जाण देवासमोर खोटा बोलला. कोण?"

मी म्हटलं, "बाबा, मी खोटा बोलूक नाय."

काका तोपर्यंत परत आला होता. तो हसण्यावारी नेत म्हणाला, "दादा, अरे गाऱ्हाण्यात थोडा वाढवन बोलतत. पद्धत आसता तशी."

"देवाकडे?" बाबांनी विचारलं.

काका इथेच चुकला. त्याने इतकी बंदरं पाहिली होती, इतके साहेब पाहिले होते, की आपल्या भावाला तो विसरला होता. मुलीला घाटावर शिकायला पाठवणं बाबांना अवघड वाटत होतं, पण ते वाटणं माणसांच्या भीतीचं होतं. देवाच्या तोंडावर दुसऱ्याच्या नावाने खोटं बोलणं हे त्यांच्या लेखी कुठल्याही मुलीने कुठेही जाण्यापेक्षा फार मोठं होतं. त्यांनी मला शाबासकी दिली नाही. दोन दिवस ते माझ्याशी बोललेही नाहीत, कारण त्यांना चार माणसांत खाली बघावं लागलं होतं. तिसऱ्या दिवशी पेज जेवता जेवता आईला म्हणाले, "चेडवाक मुलाखतीक खंय जावचा आसा ता इचार." एवढंच. आणि त्यानंतर घरचं गाऱ्हाणं त्यांनी काकाला कधीच घालू दिलं नाही. स्वतः घालायला लागले, घाम पुसत, अडखळत, दोन वाक्यांत संपवून.

मुलाखतीला आई बरोबर आली. पांढऱ्या साडीतल्या दोन बाया होत्या. त्यांनी मराठीत विचारलं, रक्त बघून चक्कर येते का, घरी किती माणसांचा स्वयंपाक करतेस, रात्रपाळी जमेल का. इंग्रजीतला एकही प्रश्न नाही. माझी निवड झाली, आणि बाहेर बाकावर येऊन मी इतकी रडले की आईला वाटलं मला घेतलं नाही. मला तोवर आत कुठेतरी वाटत होतं की काकाने निदान अर्धं तरी माझ्यासाठी शिकवलं असेल. ते अर्धंही नव्हतं.

काकाला पुढे दुसऱ्या कुणाच्या ओळखीने बोट मिळाली. तो गेला, आला, म्हातारा झाला. आणि गंमत बघा, जसजशी वर्षं गेली तसतशी ही गोष्ट त्याची होत गेली. पाहुण्यांसमोर तो सांगायचा, "हिका मीच धाडस शिकवलंय. भर देवळात उभी रवली. गट्स लागतत." माझ्या लग्नात त्याने हे सांगितलं, भावाच्या लग्नात सांगितलं. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे आणि मी पाणी आणायला आत जायची. नातीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, पण आजी, एका अर्थी त्यानेच शिकवलं ना. मी तिला म्हटलं, चोराने दार उघडं टाकलं म्हणून घरात वारा आला, तर चोराचे पाय धरायचे का? तिचं वय समजूतदारपणाचं आहे, माझं राहिलेलं नाही.

नोकरीची शेवटची वर्षं मी आपल्याच जिल्ह्यात, घरापासून फार लांब नसलेल्या एका हॉस्पिटलात होते. वाडीवाडीतली माणसं यायची. ऑपरेशनच्या आधी बहुतेकांचे हात गार पडतात. मी प्रत्येकाचा हात धरायची आणि त्याच्या भाषेत सांगायची, "घाबरा नको रे बाबा, मी आसंय हय." दुसरं काही लागत नाही. त्यावेळी इंग्रजी कुणालाच नको असतं. साहेब लोकांशी मी साहेबी मराठी बोलायची, पण गावच्या माणसाशी कधीच नाही.

एका सकाळी त्या खाटेवर आबाकाका होता. पोटाचं ऑपरेशन होतं. हिरवा झगा घातलेला, दात काढून ठेवलेले, तोंड आत गेलेलं. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस एवढासा दिसत होता. मी त्याची नाडी बघायला हात धरला तर त्याने माझी बोटं घट्ट पकडली. त्याची सगळी इंग्रजी कुठे गेली होती कोण जाणे.

"सुमा, माका भय वाटता गो," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "देवळातला ता तुझ्या मनात आसा अजून?"

रोजचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ते मी हजारो परक्या माणसांना दिलं होतं, दारू पिऊन आलेल्यांना दिलं होतं, बायकोला मारून आलेल्यांनाही दिलं होतं. मी त्याची नाडी मोजली, कागदावर लिहिली आणि उशी सारखी केली. हात सोडवून घेतला नाही, त्याने तो आपण होऊन सोडला. कारण मी म्हटलं, "घाबरू नका, काका. तुमचं सगळं व्यवस्थित होईल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तोंड भिंतीकडे केलं आणि न्यायला माणसं येईपर्यंत ते वळवलं नाही.